बिननावाचा कारखानदार

नागपुरातील एखाद्या सुशिक्षित कुटुंबाच्या बैठकीत आज जी यंत्रे दिसतात, त्यांपैकी प्रत्येकावर कोणते ना कोणते नाव कोरलेले असते. दूरचित्रवाणीच्या पडद्याखाली एक, मुलाच्या संगणकावर दुसरे, सुनेच्या हातातील मोबाइलवर तिसरे. ही नावे घरातील लहानग्यांना पाढ्यांप्रमाणे पाठ असतात. पण ती वस्तू प्रत्यक्ष कोणाच्या कारखान्यात घडली, असे कोणी विचारले, तर ज्याचे नाव त्याचाच कारखाना, असे उत्तर बहुधा मिळेल. आणि पुष्कळ वेळा ते खरे नसेल. नाव एकाचे आणि कारखाना दुसऱ्याचा, असा हा व्यवहार आहे. त्या दुसऱ्याचे नाव वस्तूवर नसते, जाहिरातीत नसते, दुकानदाराच्या पावतीवरही नसते. तरीही जगातील फार मोठ्या उद्योगांत त्याची गणना होते. अशाच एका कंपनीची वाढ कशी झाली आणि तिचा महाराष्ट्राशी काय संबंध आला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कंपनीचे नाव जाबिल. श्रोत्यांपैकी फारच थोड्यांच्या कानांवरून ते गेले असेल, आणि त्यात नवल नाही. सामान्य गिऱ्हाइकाशी तिचा व्यवहारच नसतो. तथापि तिचा एक कारखाना महाराष्ट्रातच आहे. पुण्याहून अहमदनगरकडे, म्हणजे 2024 सालापासूनच्या अहिल्यानगरकडे, जाणाऱ्या रस्त्यावर शिरूर तालुक्यात रांजणगाव लागते. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे स्थान असल्यामुळे विदर्भातील यात्रेकरूही तेथे जातात. देवळापासून जवळच औद्योगिक वसाहत पसरलेली आहे, आणि तिच्यात जाबिलचा कारखाना आहे. कानात घालून गाणी ऐकावयाची ॲपल कंपनीची जी पांढरी यंत्रे तरुणांच्या कानांत दिसतात, त्यांची प्लास्टिकची आवरणे येथून चीन आणि व्हिएतनाम या देशांत जात असल्याचे वृत्त 2023 साली प्रसिद्ध झाले होते. म्हणजे शिरूर तालुक्यात आवरण घडावयाचे, परदेशात त्यात यंत्र बसावयाचे, आणि नाव लागावयाचे ते अमेरिकेतील तिसऱ्याच मालकाचे!

हा प्रकार ऐकून ज्यांना तो अगदी परका वाटेल, त्यांनी विदर्भातील विडीचा धंदा आठवावा. कामठी, भंडारा, गोंदिया या बाजूस तो कित्येक पिढ्या चालत आला. कारखानदार तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून कंत्राटदाराच्या हवाली करतो. कंत्राटदार ती वस्तीवस्तीतील बायकांना वाटून देतो. बायका घरच्या कामांतून सवड काढून विड्या वळतात आणि हजारी हिशेबाने मजुरी घेतात. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा भुर्दंड पुष्कळदा त्यांच्याच माथी येतो. तयार विड्यांच्या बंडलावर छापील वेष्टन चढते ते मात्र कारखानदाराचे. ओढणाऱ्यास छाप ठाऊक असतो; वळणारीचे नाव विचारण्याचे त्याला कधी कारण पडत नाही. सोनाराची घडणावळ ही याच कुळातली. सोने गिऱ्हाइकाचे, कसब सोनाराचे, आणि अंगावर घालून मिरवणारे तिसरेच. तात्पर्य, कंत्राटावर दुसऱ्याचा माल घडवून देणे ही गोष्ट फार जुनी आहे. यंत्रयुगाने तिचे मान तेवढे बदलले.

1966 साली अमेरिकेत, मोटारींचे शहर म्हणून प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट येथे, जेम्स गोल्डन आणि विल्यम मोरीन या दोघांनी मिळून एक लहानसा धंदा काढला. जेम्सच्या नावाचे पहिले अक्षर आणि विल्यमचे ‘बिल’ हे घरगुती रूप, यांची संधी होऊन जाबिल हे नाव सिद्ध झाले. काम साधेच होते. कंट्रोल डेटा नावाची एक मोठी कंपनी त्या काळी गणकयंत्रे बनवीत असे. तिच्या यंत्रांतील सर्किटच्या पाट्या जुळवून देणे आणि बिघडलेल्या दुरुस्त करणे, एवढ्यावर या दोघांचा निर्वाह चाले. पुढे मोरीन यांच्या मुलाने कारभार हाती घेतला, आणि 1979 साली जनरल मोटर्स या मोटारींच्या बलाढ्य कंपनीचे काम मिळाले. मोटारीच्या अंगात विजेच्या तारांबरोबर इलेक्ट्रॉनिक पाट्या शिरू लागल्या होत्या. त्या शेकड्यांनी नव्हे, लाखांनी लागणार होत्या. दुरुस्तीच्या दुकानाचा कारखाना झाला तो येथे. कंपनीने पुढे आपले ठाणे फ्लोरिडा प्रांतातील सेंट पीटर्सबर्ग येथे हलविले, आणि 1993 साली तिचे भाग न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात विक्रीस आले.

ही पाटी म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सारा धंदा तिच्यावर उभा आहे. जुना दिव्यांचा रेडिओ ज्यांनी कधी मागून उघडून पाहिला असेल, त्यांना आतील रंगीबेरंगी तारांचे जंजाळ आठवत असेल. एकेक तार एकेका ठिकाणी हाताने जोडलेली असे, आणि एक सांधा सुटला की वाद्यवृंदाच्या ऐन रंगात रेडिओ मुका होई. पुढे तारांऐवजी एका पातळ पाटीवर तांब्याच्या रेषा उमटविण्याची युक्ती निघाली. बहुधा हिरव्या रंगाची असलेली ही पाटी मोबाइल दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर कोणासही पाहावयास मिळते. तिच्यावरील रेषा तारांचे काम करतात आणि त्या रेषांवर लहान लहान विद्युत्-भाग बसवून सोल्डरने पक्के करावयाचे असतात. आरंभी हे काम हातांनी होई, आणि हात बहुतांशी स्त्रियांचे असत. डाव्या हातात भाग, उजव्या हातात तापलेली कांडी, आणि दिवसभर मान खाली.

मग भाग आकसू लागले. 1 मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद, म्हणजे मोहरीच्या दाण्याशेजारीही लहान दिसावा, असा भाग आज नवलाचा राहिलेला नाही. तो चिमट्यात धरून बसविणे माणसाच्या बोटांना फार जिकिरीचे जाते. तेव्हा कारखान्यात यंत्रांची ओळ आली. प्रथम पोलादाच्या पातळ, छिद्रे पाडलेल्या पत्र्यातून पाटीवर सोल्डरचा लेप उमटविला जातो. दिवाळीत छाप्यातून रांगोळी अंगणात उतरते, अगदी तसाच हा प्रकार. नंतर पुढचे यंत्र हवेच्या शोषणाने एकेक भाग उचलून नेमक्या जागी ठेवते, आणि हे काम ते तासाला हजारोंच्या हिशेबाने करते. त्यानंतर ती पाटी एका लांबट भट्टीतून सावकाश पुढे सरकत जाते. पूर्वीचा कथील-शिशाचा सोल्डर 183 अंशांवर वितळे. शिसे विषारी म्हणून युरोपने 2006 साली त्यावर निर्बंध घातले, तेव्हा कथील, चांदी आणि तांबे यांचा नवा मिश्र धातू रूढ झाला. तो वितळण्यास सुमारे 217 अंश लागतात. या तीस-चौतीस अंशांच्या फरकापायी जगभरच्या कारखान्यांना भट्ट्यांचे गणित नव्याने मांडावे लागले. भट्टी कमी तापली तर सांधा कच्चा राहतो, अधिक तापली तर भाग जळतो. शेवटी कॅमेरे प्रत्येक सांधा तपासतात आणि मग पाटीत वीज सोडून परीक्षा होते.

अशा यंत्रांची एक ओळ उभी करावयास कित्येक कोटी रुपये लागतात. आता समजा, एखादी कंपनी केवळ आपल्याच मालासाठी ती उभारील, तर हंगाम असेल तेव्हा ओळ चालेल आणि हंगाम सरला की यंत्रे धूळ खात पडतील. व्याज मात्र थांबणार नाही. घरोघर जाते ठेवण्यापेक्षा गल्लीत एक चक्की असावी आणि सर्वांचे दळण तेथे जावे, हे जसे किफायतीचे झाले, तसेच येथेही घडले. एका गिऱ्हाइकाचे काम मंदावले तर दुसऱ्याचे वाढलेले असते आणि यंत्र चालू राहते. शिवाय भाग खरेदी करण्यात मोठी काटकसर होते. शंभर गिऱ्हाइकांसाठी एकदम माल घेणाऱ्यास विकणारा जो भाव देईल, तो एकट्यादुकट्यास देणार नाही.

आणखी एक कारण आहे, आणि ते मनुष्यस्वभावातले आहे. आपल्या नव्या यंत्राचा नकाशा जो दुसऱ्याच्या हाती देतो, त्याला पहिली भीती ही की, हा उद्या आपलेच यंत्र स्वतःच्या नावाने बाजारात आणील. ज्याला स्वतःचे नावच नाही आणि जो दुकानात कधी उतरतच नाही, त्याची ही भीती वाटत नाही. एकमेकांची तोंडे न पाहणाऱ्या दोन कंपन्यांचा माल एकाच छपराखाली, मधे पडदी घालून, निर्वेधपणे घडू शकतो.

प्रथम हे काम निव्वळ घडणावळीचे असे. गिऱ्हाइकाने भाग पुरवावेत आणि मजुरी मोजावी. पुढे भागांची खरेदी, तपासणी, खोक्यात भरणे, जहाजावर चढविणे, इतकेच नव्हे तर पुष्कळदा नकाशात सुधारणा सुचविणे, हे सर्व कंत्राटदाराकडे आले. वाढीचा वेग खरोखर वाढला तो मात्र निराळ्याच मार्गाने. 1990 नंतर अमेरिका-युरोपातील मोठमोठ्या नामांकित कंपन्यांना वाटू लागले की, कारखाना हे आपल्या गळ्यातील लोढणे आहे. त्यांनी आपले कारखाने यंत्रांसह आणि माणसांसह कंत्राटदारांना विकले आणि त्याच कारखान्यांतून पूर्ववत माल घेण्याचे करार केले. सोमवारी कामगार त्याच फाटकातून आत गेला, त्याच ओळीपाशी उभा राहिला, तोच माल त्याने घडविला. पगारपत्रकावर मालक तेवढा बदललेला होता. जाबिलने असे कारखाने एकामागून एक घेतले. 1998 साली ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या छापयंत्रांच्या पाट्यांचे काम, 1999 साली चीनमधील एक कंपनी, 2006 साली भारतात कारखाने असलेली सेलेट्रॉनिक्स, 2007 साली तैवानमधील एक आणि 2013 साली प्लास्टिकचे नाजूक भाग ओतणारी नायप्रो, अशी ही मालिका आहे.

तिच्यातील एक नाव जुन्या श्रोत्यांच्या ओळखीचे निघेल. 2002 साली जाबिलने विकत घेतला तो फिलिप्स कंपनीचा कंत्राटी उत्पादनाचा विभाग. फिलिप्सचा रेडिओ हे एका काळी मध्यमवर्गीय घराचे भूषण होते. त्या कंपनीने 1948 साली कलकत्त्यास रेडिओ बनविण्यास आरंभ केला. त्याच वर्षी नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, हा योगायोग गोड आहे. 1959 साली तिने पुण्याजवळ दुसरा कारखाना काढला, आणि 1965 साली तिचा भारतात बनलेला दहा लाखावा रेडिओ बाहेर पडला. घडविणारा आणि नाव देणारा तेव्हा एकच होता. पुढे मात्र नाव आणि कारखाना यांची फारकत इतकी झाली की, 2010 साली फिलिप्सने भारतातील आपल्या दूरचित्रवाणी संचांसाठी स्वतःचे नाव व्हिडिओकॉन या समूहास वापरावयास दिले. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, ज्याचा पाया घातला गेला तोच हा समूह.

व्हिडिओकॉनची कथा येथे थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. मराठवाड्यातील एका घराण्याने स्वतःच्या नावाचे रंगीत दूरचित्रवाणी संच देशभर विकून दाखविले, ही लहान गोष्ट नव्हती. 1990 च्या आसपास नागपूरच्या सीताबर्डीवरील दुकानांतून विदेशी नावांच्या बरोबरीने ते नाव झळकत असे. परंतु समूहाने तेल, दूरध्वनी आणि इतर व्यवसायांत हातपाय पसरले, कर्जाचा डोंगर झाला आणि 2018 साली त्याच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. ज्याचे नाव घराघरांत पोचले होते तो बुडाला आणि ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही तो रांजणगावास काम करीत राहिला. यावरून नाव नसणे हेच सुखाचे, असे मात्र कोणी समजू नये. हिशेबाची वही उघडली की या सुखाचा आकार दिसतो. 2023 च्या ऑगस्टअखेर संपलेल्या वर्षात जाबिलची विक्री सुमारे 34 अब्ज 70 कोटी डॉलर झाली, आणि निव्वळ नफा झाला सुमारे 82 कोटी डॉलर. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे अडीच रुपयेही धड हाती आले नाहीत. त्याच साली तिचे एक मोठे गिऱ्हाईक असलेल्या ॲपलला शंभरामागे पंचवीस रुपये राहिले. घडणावळ आणि नाव यांच्या किमतींमधील अंतर हे असे दसपट आहे.

एवढ्या बारीक नफ्यावर ज्याला जगावयाचे, त्याला एखादे वाईट वर्षही भारी पडते. सोलेक्ट्रॉन नावाची कॅलिफोर्नियातील कंपनी 2000 साली या धंद्यात सर्वांच्या पुढे होती. गुणवत्तेसाठी दिला जाणारा अमेरिकेचा राष्ट्रीय पुरस्कार तिने 1991 आणि 1997 असा दोनदा मिळविला होता. 2001 साली दूरसंचाराच्या मालाची मागणी एकाएकी आटली. गिऱ्हाइकांनी कामे थांबविली, पण त्यांच्यासाठी आगाऊ खरेदी केलेले भाग गोदामात तसेच राहिले. आणि इलेक्ट्रॉनिक भाग हे तांदूळ नव्हेत, जुने झाल्याने त्यांची किंमत वाढत नाही. सोलेक्ट्रॉन त्या फटक्यातून पुनः सावरली नाही. 2007 साली फ्लेक्स्ट्रॉनिक्स या दुसऱ्या कंत्राटदाराने ती गिळली. जाबिल त्या वादळातून निभावली. मोटारी, रुग्णालयांतील यंत्रे, छापयंत्रे, दूरसंचार अशी तिची गिऱ्हाइके निरनिराळ्या बाजारांतील होती, हे तिच्या बचावाचे मोठे कारण.

या धंद्यातील सर्वांत थोरला भाऊ म्हणजे तैवानची फॉक्सकॉन. टेरी गौ यांनी 1974 साली दूरचित्रवाणीची प्लास्टिकची बटणे बनविण्यापासून आरंभ केला आणि 1988 नंतर चीनमधील शेन्झेन येथे कारखान्यांचे शहरच वसविले. महाराष्ट्राला या कंपनीची ओळख झाली ती घोषणेच्या रूपाने. 8 ऑगस्ट 2015 रोजी, नागपूरचेच असलेले मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या कारकिर्दीत, तिच्याशी मुंबईत सामंजस्य करार झाला. पाच वर्षांत पाच अब्ज डॉलरांची गुंतवणूक आणि पन्नास हजार लोकांना काम, असे त्याचे आकडे होते. वर्तमानपत्रांचे रकाने भरले. कारखाना आला नाही, आणि 2020 च्या आरंभी त्या वेळचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी तो येणार नसल्याचे सांगून टाकले. पुढे 2022 साली याच कंपनीचा वेदांत समूहाबरोबरचा सेमीकंडक्टरचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाण्याचे ठरले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ उडाला. आणि 2023 च्या जुलै महिन्यात फॉक्सकॉनने त्यातूनही अंग काढून घेतले. गमावल्याबद्दल जेवढी शाई खर्ची पडली, तिचा शतांशही रांजणगावास जे मुकाट्याने चालले आहे त्याच्या वाट्यास आला नाही. असे कारखाने करारावरील सहीने हलत नाहीत. गिऱ्हाईक कोठे आहे, भाग पुरविणारे किती जवळ आहेत, बंदरातून माल किती दिवसांत निघतो आणि शिकलेले हात सापडतात की नाहीत, यांवर ते ठरते.

हातांचा प्रश्न निघाला म्हणजे विडीच्या धंद्याकडे पुनः वळावे लागते. जाबिलचा जन्म ज्या 1966 सालचा, त्याच साली भारताच्या संसदेने विडी आणि सिगार कामगारांचा कायदा केला. विडी वळणाऱ्या बाईने मजुरीची तक्रार कोणाकडे करावयाची, हा त्याच्यामागील प्रश्न होता. कारखानदार कंत्राटदाराकडे बोट दाखवी आणि कंत्राटदार कारखानदाराकडे. कंत्राटदार मधे असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. 1970 साली कंत्राटी कामगारांसाठी निराळा कायदा आला. हे दोन्ही कायदे आता 2020 च्या श्रमसंहितेत विलीन झाले असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे.

जुना तो प्रश्न मात्र नव्या धंद्यात जसाच्या तसा उभा आहे. 12 डिसेंबर 2020 रोजी कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात नरसापूर येथे विस्ट्रॉन या तैवानी कंत्राटदाराच्या कारखान्यात मोठी मोडतोड झाली. तेथे ॲपलचे मोबाइल जुळविले जात. हजारो कामगार निरनिराळ्या मजूर-पुरवठादारांमार्फत आणलेले होते, आणि पगार वेळेवर व पुरा मिळत नाही अशी त्यांची तक्रार होती. मोडतोडीचे समर्थन कोणीही शहाणा मनुष्य करणार नाही. पण त्या तरुणांच्या दृष्टीने पाहता मालक नेमका कोण होता? पुरवठादार, विस्ट्रॉन, की ज्याचे नाव त्या मोबाइलवर होते तो? ॲपलने चौकशी करून पगाराच्या व्यवस्थेत दोष असल्याचे मान्य केले आणि विस्ट्रॉनला नवे काम देणे काही काळ थांबविले. नाव असलेल्या मालकाला लाज वाटली म्हणून हालचाल झाली, एवढे येथे ध्यानात घ्यावे. तो कारखाना 2023 साली टाटा समूहाकडे गेला.

मालक बदलण्याचा आणखी एक प्रसंग, आणि या वेळी विकणारी होती स्वतः जाबिल. 2023 च्या अखेरीस तिने मोबाइलचे भाग बनविण्याचा आपला चीनमधील सारा व्यवसाय, चेंगदू आणि वूशी येथील कारखान्यांसह, बीवायडी या चिनी कंपनीस सुमारे 2 अब्ज 20 कोटी डॉलरांना विकला. जिने आयुष्यभर इतरांचे कारखाने विकत घेतले, तिने आपले इतके मोठे अंग का तोडून दिले? मोबाइलच्या कामात विक्रीचा आकडा मोठा, पण एकाच गिऱ्हाइकाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते आणि यंत्रांत पैसा गुंतून पडतो. विक्री घटली, पण 2025 च्या ऑगस्टअखेर संपलेल्या वर्षात ती पुनः सुमारे 29 अब्ज 80 कोटी डॉलरांवर चढली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या गणकयंत्रांची मागणी वाढली, तिचा हा परिणाम. चेंगदूच्या कामगारांनी मात्र पूर्वी युरोपातील कामगारांनी जे पाहिले होते तेच पाहिले: फाटक तेच आणि मालक नवा.

अशा मालकबदलात गावाच्या पदरी काय उरते, हे त्या फाटकाच्या आत लोक काय शिकले यावर अवलंबून आहे. ओळीवर पाटी चढविण्या-उतरविण्याचे काम थोड्याच दिवसांत येते, आणि ते येणारा मनुष्य तितक्याच थोड्या दिवसांत बदलता येतो. भट्टीच्या उष्णतेचा आलेख वाचून सांधा का कच्चा राहिला हे सांगणारा, शोषणयंत्राचे तोंड का चुकते ते हुडकणारा, परीक्षेचे यंत्र स्वतः रचणारा मनुष्य तयार होण्यास वर्षे लागतात, आणि त्याला कोणत्याही कंत्राटदाराकडे मान असतो. प्लास्टिकच्या आवरणाचा साचा कापणारा कारागीर तर सोनाराइतकाच दुर्मीळ. विदर्भातील पदविकाधारक मुले पुण्यास जातात तेव्हा त्यांच्या आईबापांची पहिली चौकशी पगाराची असते, आणि ती स्वाभाविक आहे. या दोन प्रकारच्या कामांपैकी कोणते मिळाले, हीही चौकशी तिच्याबरोबर व्हावयास हवी.

इतर प्रांत स्वस्थ बसलेले नाहीत. 2024 च्या सप्टेंबरात तामिळनाडूने तिरुचिरापल्ली येथे 2,000 कोटी रुपयांच्या कारखान्यासाठी याच जाबिलशी करार केला, आणि श्रीपेरुंबुदूर येथे फॉक्सकॉनच्या कारखान्यात हजारो तरुणी आज मोबाइल जुळवीत आहेत. महाराष्ट्रासाठी केंद्र सरकारने 2022 च्या ऑक्टोबरात रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक उद्योगांचा स्वतंत्र समूह मंजूर केला. जागा 297 एकर, खर्च सुमारे 493 कोटी रुपये, आणि त्यांपैकी सुमारे 208 कोटी केंद्राचे. रस्ते, पाणी आणि वीज यांसाठी हा पैसा आहे. साचे कापावयास आणि भट्टीचे आलेख वाचावयास शिकविणाऱ्या शाळेचा खर्च या आकड्यांबाहेरचा आहे, आणि ती शाळा रांजणगावासच असली पाहिजे असे नाही. नागपुरासही ती निघू शकते.